अंगठेबहाद्दर

यवतमाळचा आमचा भाचा डॉक्टर आहे. पूर्वी तो जेवताना निदान भाजीकडे पाहायचा. आता डॉक्टरमंडळींच्या व्हॉट्सअ‍ॅप गटाकडे पाहतो. तिथे म्हणे संशोधनावर चर्चा चालते. एकदा मी डोकावलो. कुणीतरी २० पानी शोधनिबंध टाकला आणि मिनिटाच्या आत १७ अंगठे वर!

"अरे, वाचला कुणी?"

"मामा, सारांश पाह्यला नं!"

आमच्या आजोबांना सही येत नव्हती म्हणून ते अंगठा द्यायचे. हे शिकूनसवरून देतात.

मे २०२० मध्ये 'लॅन्सेट'सारख्या मातब्बर साप्ताहिकात हायड्रॉक्सिक्लोरोक्विनवर ९६ हजार रुग्णांचा निबंध आला. जागतिक आरोग्य संघटनेनेसुद्धा त्या औषधाची चाचणी काही दिवस थांबवली. पण काही खवट संशोधकांनी चारचौघांत, ट्विटरवरही, विचारले, "हे रुग्ण मोजले कुणी?" १३ दिवसांत निबंध मागे घेतला गेला. म्हणजे चव्हाटा वाईट नाही. तिथे नुसते माना डोलावणे वाईट.

आमच्या जिल्ह्यात तर ही चैन परवडणारी नाही. २०१७ साली कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन इथले २० च्या आसपास शेतकरी-शेतमजूर गेले. पंपात कित्येकदा दोन-तीन औषधे कालवलेली असतात, आणि सगळ्या विषांवर एकच उतारा चालत नाही. अशा वेळी "हे कशावरून?" विचारणारा एक डॉक्टर शंभर अंगठ्यांना भारी.

हे सगळे भाच्याला ऐकवले. त्याने गंभीरपणे मान हलवली आणि माझे म्हणणे लगेच गटावर टाकले.

१७ अंगठे आले.