‘अ‍ॅसॅसिनेशन क्लासरूम’: पद्धत पक्की, प्रश्न मात्र टाळलेला

मंडळी, रिसर्च पेपर कसा वाचायचा यावर आपण इथे नेहमी बोलतो. आज पेपर नाही, एक मंगा घेऊ या. मंगा म्हणजे जपानी चित्रकथा. बलस्थानं आणि उणिवा वेगळ्या काढून लिहायची सवय कुठल्याही मजकुरावर लावता येते, आणि पीएचडीला लागण्याआधी ती लागलेली असली तर पुढे फार त्रास वाचतो. लेखात शेवट उघड होणार आहे. ज्यांना आधी मंगा वाचायची असेल त्यांनी ती वाचून मगच इकडे या.

युसेई मात्सुई यांची ‘अ‍ॅसॅसिनेशन क्लासरूम’ जुलै 2012 ते मार्च 2016 या काळात जपानच्या ‘शोनेन जंप’ साप्ताहिकात आली. एकूण 21 खंड. कथानक असं: एका विचित्र पिवळ्या प्राण्याने चंद्राचा सुमारे 70 टक्के भाग उडवून दिलाय, असं जगाला कळतं. पुढच्या मार्चमध्ये आपण पृथ्वीही नष्ट करू, असं तो सांगतो. त्याचा वेग मॅक 20, म्हणजे ताशी साधारण 24 हजार किलोमीटर. तोवर त्याला एका शाळेत शिकवायचंय, आणि तेही ‘ढ’ ठरवून डोंगरावरच्या जुन्या इमारतीत टाकलेल्या 3-ई या वर्गाला. सरकार मुलांना सांगतं, याला ठार मारा, हजार कोटी येन मिळतील. मुलं त्याचं नाव ठेवतात कोरो-सेन्सेई. ‘मारता न येणारा’ आणि ‘गुरुजी’ या जपानी शब्दांवरचा तो श्लेष आहे.

आता तुम्ही म्हणाल, मॅक 20 ने पळणारा प्राणी वर्गात वावरतो आणि खिडक्यांच्या काचा फुटत नाहीत, ही पहिली उणीव. नाही. हे कथेचं गृहीतक आहे. पेपर तपासताना लेखकाने मांडलेलं गृहीतक आपण काही काळ मान्य करतो आणि पुढे तो त्याच्याशी प्रामाणिक राहतो का ते बघतो. परीक्षणात गृहीतकाशी भांडत बसलात तर खरी चूक नजरेतून सुटते.

बलस्थानांपासून सुरू करू. पहिलं म्हणजे शिकवण्याची पद्धत. या वर्गात खुनाचं कौशल्य हे एकच काम आहे आणि बाकी सगळं त्याला जोडून येतं. विष बनवायचं तर रसायनशास्त्र, जाळं लावायचं तर निरीक्षण आणि नियोजन, परदेशी मारेकऱ्यांशी बोलायचं तर भाषा. वर्ध्याच्या माणसाला यात काहीतरी ओळखीचं वाटेल. 22 आणि 23 ऑक्टोबर 1937 ला आपल्या वर्ध्यातच गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली, डॉ. झाकिर हुसेन यांच्या समितीने योजना आखली आणि त्यातून नई तालीम उभी राहिली. तिचं सूत्र हेच होतं: एका हस्तोद्योगाभोवती बाकीचे विषय गुंफायचे. त्याला समवाय म्हणतात. टकलीवर सूत कातताना गणित, कापसावरून भूगोल. मात्सुई यांनी हे कुठून घेतलं असं मी म्हणत नाही, पण काम करत शिकणं म्हणजे काय हे ही मंगा पानोपानी दाखवते.

दुसरं बलस्थान परीक्षेच्या प्रसंगांत आहे. प्रश्न इथे राक्षसाच्या रूपात अंगावर येतात. दुसऱ्या सत्राच्या शेवटच्या परीक्षेत गणिताचा अखेरचा प्रश्न असा: कायकेंद्रित घन रचनेत अणू मांडलेत, म्हणजे घनाच्या आठ कोपऱ्यांवर एकेक आणि मध्ये एक, आणि घनाची बाजू a. मधल्या अणूला इतर कुठल्याही अणूपेक्षा जवळ असलेल्या जागेचं आकारमान काढा. शाळेतला सगळ्यात हुशार मुलगा गाकुशू असानो त्या जागेचा आकार काढून आकडेमोड करत बसतो आणि वेळ संपतो. आपल्या 3-ई चा कार्मा वेगळं बघतो. सगळे अणू सारखेच, तेव्हा प्रत्येकाच्या वाट्याला सारखीच जागा. एका घनात कोपऱ्यांचे आठ अष्टमांश मिळून एक अणू आणि मधला एक, असे दोन. म्हणून उत्तर a³ भागिले 2. झालं!

फिजिक्सवाल्यांनी ही विग्नर–साइट्झ सेल ओळखली असेलच. खोलीच्या तापमानाला लोखंडाची रचना हीच असते. मुद्दा उत्तराचा नाही. आकडेमोडीआधी समरूपता शोधायची, हे त्या दोन-चार पानांत जसं मनात उतरतं तसं कित्येक पाठ्यपुस्तकांतही उतरत नाही.

आता उणिवा. किरकोळ दोन आधी सांगतो. वर्गात पंचवीसहून जास्त मुलं, त्यामुळे अर्ध्याअधिकांचे फक्त चेहरे लक्षात राहतात. आणि इरिना या शिक्षिकेवरचे विनोद. ती विद्यार्थ्यांना जबरदस्तीने चुंबन घेते आणि ते हसण्यावारी नेलं जातं. विद्यार्थी चौदा-पंधरा वर्षांचे आहेत. ‘त्या प्रकारात असं चालतंच’ हे उत्तर पुरत नाही.

मोठी उणीव विज्ञानाच्या बाजूची आहे आणि ती तुमच्या कामाची आहे. कळतं असं की चंद्र कोरो-सेन्सेईने उडवलाच नव्हता. तो मुळात माणूस होता, आणि त्याच्या शरीरात प्रतिपदार्थ तयार करण्याचा प्रयोग यानागिसावा नावाच्या शास्त्रज्ञाने केला. तोच प्रयोग चंद्रावर एका उंदरावर झाला, उंदराचा स्फोट झाला आणि त्यावरून गुरुजींच्या स्फोटाची तारीख काढली. म्हणजे सॅम्पल एक, प्राणी वेगळा, आकार वेगळा, आणि निष्कर्ष पृथ्वीच्या भवितव्याचा! मुलं अंतराळ स्थानकावर जाऊन दुसऱ्या गटाचा डेटा आणतात. त्यातून दिसतं की शरीर मोठं तितका धोका कमी, आणि गुरुजींच्या बाबतीत शक्यता एक टक्क्याहूनही कमी. इथवर कथा अफलातून आहे. एका निरीक्षणावरून मोठा निष्कर्ष काढू नका, हा धडा याहून चांगला कुठे मिळणार?

पण खरा प्रश्न इथून पुढे सुरू होतो. पणाला सगळी पृथ्वी लागली असेल तर एक टक्का कमी म्हणायचा की जास्त? आणि ते ठरवायचं कोणी? डेटा शक्यता सांगतो, किती धोका पत्करायचा ते सांगत नाही. जगातली सरकारं हल्ल्याची तयारी थांबवत नाहीत, आणि त्यांची बाजू थोडक्यात उरकली जाते. मग यानागिसावा स्वतः चाल करून येतो, तुंबळ मारामारी होते, आणि त्या धुळीत प्रश्न हरवतो. शेवटी मुलं रडत रडत गुरुजींना मारतात. तो प्रसंग डोळ्यांत पाणी आणतो, हे मान्य. पण जे उत्तर विचाराने द्यायचं होतं ते भावनेने दिलं गेलं.

यानागिसावाचंही तेच. माणसावर केलेल्या अमानुष प्रयोगाचं कारण एका दुष्ट, मत्सरी माणसाचा स्वभाव ठरतं. प्रत्यक्षात असं क्वचितच घडतं. अमेरिकेतला टस्कीगी अभ्यास 1932 ते 1972 अशी चाळीस वर्षं चालला, आणि तो सरकारी आरोग्य खात्याने चालवला. सिफिलिस झालेल्या कृष्णवर्णीय पुरुषांना, पेनिसिलीन उपलब्ध झाल्यावरही, उपचार दिले नाहीत. तिथे कोणी एकटा खलनायक नव्हता, रोज कामावर येणारी साधी माणसं होती. म्हणून तर आज संमतिपत्रं आणि एथिक्स कमिटी आहे. खलनायक मेला की प्रश्न सुटला, असं ही मंगा सुचवते, आणि ते नव्या संशोधकाने मनात घेऊ नये.

नई तालीमपासून ही मंगा दूर जाते तीही याच ठिकाणी. तिथे कोणता उद्योग शिकवायचा हाच पहिला प्रश्न होता. इथे खून हे निव्वळ कौशल्य मानलं जातं, कारण समोरचा मरतच नाही आणि रबरी सुऱ्यांनी माणसाला इजा होत नाही. गुरुजी खरंच मरू शकतात हे कळल्यावर वर्गात दोन तट पडतात, तेव्हा कथा सगळ्यात खरी वाटते.

माझा निकाल: वाचा, जरूर वाचा. पद्धत कशी शिकवावी याचा हा उत्तम नमुना आहे. फक्त शेवटचे तीन खंड वाचताना पेन्सिल हातात ठेवा, आणि जिथे मारामारी सुरू झाल्यामुळे एखादा प्रश्न अर्धवट राहिला असेल तिथे समासात खूण करा. पेपर वाचतानाही हेच करायचं असतं. तिथे मारामारीऐवजी चकचकीत आलेख असतात, एवढाच फरक.