समूहतालवादन आणि विद्यापीठीय संगीतशिक्षण : कचारगडच्या संदर्भात एक चिकित्सा

गोंदिया जिल्ह्याच्या सालेकसा तालुक्यातील कचारगड हे गोंड समाजाचे श्रद्धास्थान होय. माघ पौर्णिमेच्या यात्रेस महाराष्ट्राबरोबरच छत्तीसगड, मध्य प्रदेश, तेलंगणा येथूनही भाविक येतात. येथील गुहेत कोंडलेल्या मुलांच्या मुक्तिकथेत पारी कुपार लिंगो व जंगो रायताड यांच्यासमवेत हिरासुका पाटालीर हा वादकही आहे. त्याच्या वादनाने बळ आलेली मुले एकजुटीने शिळा लोटतात आणि त्याच शिळेखाली वादकाचा अंत होतो, असे सांगितले जाते. संगीत हे समूहाचे सामर्थ्य आहे, हा या कथेचा आशय. प्रस्तुत लेखात याच कसोटीवर आपल्या तालवाद्यशिक्षणाचा विचार केला आहे.

विद्यापीठीय अभ्यासक्रमात तालवाद्य म्हणजे प्रामुख्याने तबला व पखवाज. विद्यार्थी पेशकार, कायदा, रेला सादर करतो अथवा गायनाला साथ करतो. गुण मिळतात ते एकट्याच्या तयारीला. आंतरविद्यापीठीय युवक महोत्सवातही तालवाद्याची स्पर्धा एकलवादनाचीच असते. समूहवादनाला वाव मिळतो तो लोकवाद्यवृंदात. मात्र तेथे मोजक्या मिनिटांत अधिकाधिक वाद्ये दाखविण्याचा मोह बळावतो. परिणामी ढोल, टिमकी, मांदर यांचा परस्परसंवाद लोपतो आणि केवळ वेग उरतो.

एकलसाधनेशिवाय समूहवादन उथळ ठरते, हा आक्षेप रास्त आहे. परंतु समूहवादनालाही स्वतःचे शास्त्र असते. केरळच्या पंचारी मेळम् मध्ये ९६ मात्रांचे आवर्तन पाच टप्प्यांत निम्मे-निम्मे होत ६ मात्रांवर येते. अनेक वादकांनी ही लय एकत्र सांभाळणे ही कठोर साधनाच होय. अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात पॉल प्राइस यांनी १९५० मध्येच तालवाद्यवृंदाला श्रेयांकप्राप्त विषयाचा दर्जा मिळवून दिला.

आपल्याकडेही समूहतालवादनाची स्वतंत्र प्रात्यक्षिक परीक्षा असावी. तीत परस्परश्रवण, लयधारणा आणि प्रसंगी थांबण्याचा संयम यांना गुण असावेत. गावातील जाणत्या वादकांना मानधन देऊन गुरुस्थानी बोलवावे. मात्र पूजाविधीशी निगडित वादन समाजाच्या संमतीविना रंगमंचावर आणू नये. आपल्या विद्यार्थ्याला तबल्यातील रेला ठाऊक असतो. त्याच नावाचे गोंडी समूहनृत्य व त्याचा ठेका मात्र अपरिचित राहतो. ही दरी जोवर कायम आहे, तोवर आपले संगीतशिक्षण अपुरेच म्हणावे लागेल.