नाच्या आणि प्रेक्षकांचे हसू

मराठी तमाशापटांचा प्रेक्षक नाच्याला त्याच्या पहिल्या पावलावरूनच ओळखतो. मुरडलेली कंबर, गालावर टेकलेली तर्जनी, लांबविलेला स्वर, मग टाळी. संवादाची वाट न पाहताच चित्रपटगृहात हशा पिकतो. ही प्रतिमा प्रामुख्याने गणपत पाटील यांनी घडविली आणि त्यांची नक्कल करणाऱ्यांनी ती पक्की केली. तिच्यातील एक विसंगती मात्र सहसा ध्यानात घेतली जात नाही. नाव नाच्या, पण पडद्यावर तो फारसा नाचत नाही. नाचते ती नायिका. नाच्या तिच्या बाजूला उभा राहून, नाचणारा पुरुष कसा असतो असे लोकांना वाटते, तेवढेच दाखवीत राहतो.

तमाशाच्या फडावर त्याचे काम इतके स्वल्प नव्हते. स्त्रिया फडावर येण्यापूर्वी नृत्याचा भार पोरसवदा मुलांवरच असे. लुगडे नेसून, पायांत चाळ बांधून नाचणारा ‘नाच्या पोऱ्या’ हा फडाचा आधार होता. पवळाबाईंसारख्या कलावतींचा उदय झाल्यावर त्याची जागा सरकली, पण ती नाहीशी झाली नाही. गवळणीत मावशी होऊन पेंद्याशी हुज्जत घालायची, सोंगाड्याची कोटी अर्ध्यावर झेलून परतवायची, तर यासाठी तालाची जाण, हजरजबाबीपणा आणि शरीरावरचा ताबा ही तिन्ही लागत. फडावरही लोक त्याला हसत. तेथे समता नांदत होती असे मानण्याचे कारण नाही. परंतु नाच्याला तेथे उलट बोलता येई. समोर बसलेल्या फेटेवाल्यांच्या मर्दुमकीवर तोही शेरा मारी, आणि हशा कोणाच्या पदरात पडेल हे त्या रात्रीच्या रंगावर ठरे. कॅमेऱ्याने हा व्यवहार एकतर्फी केला. पडद्यावरच्या नाच्याला प्रेक्षक दिसत नाही; तो फक्त पाहिला जातो.

या एकतर्फीपणाची किंमत गणपत पाटील यांनी पडद्याबाहेर मोजली. संसारी, मुलाबाळांचा हा नट. परंतु त्याच्या पुरुषत्वाविषयीची कुजबुज २००८ साली त्याचे निधन होईपर्यंत थांबली नाही. निळू फुले यांना प्रत्यक्षात पाहून बायका दचकत, असे कौतुकाने सांगितले जाते. ती त्यांच्या अभिनयाला मिळालेली पावती समजली गेली. पाटलांविषयीचा संशय मात्र पावती म्हणून कोणी सांगितला नाही. खलत्व हे सोंग आहे हे प्रेक्षकाला कळते. लचकणारा हात त्याला सोंग वाटत नाही.

बालगंधर्वांचे उदाहरण येथे आठवणे अपरिहार्य आहे. त्यांच्या साड्या आणि दागिने यांचे अनुकरण प्रतिष्ठित घरांतील स्त्रियांनी केले, आणि १९६४ साली त्यांना पद्मभूषण मिळाले. गंधर्वांची नायिका पुरुषाला संपूर्ण लपविते, तर नाच्या पुरुषाला पुरुषच ठेवून त्याच्यात बाईचा डौल आणतो, हा भेद खराच. पण केवळ त्यावर सारा अर्थ लावता येणार नाही. संगीत रंगभूमी पांढरपेशांची होती. तमाशा महार, मांग, कोल्हाटी कलावंतांच्या श्रमावर उभा होता. नाच्याच्या उपहासात लिंगभेदाबरोबर जातीचा हा अहंकारही मुरलेला आहे.

आनंद यादव यांच्या कादंबरीवर रवी जाधव यांनी दिग्दर्शित केलेला ‘नटरंग’ (२०१०) हा या उपहासाला दिलेला पहिला समर्थ प्रतिसाद म्हणावा लागेल. कुस्तीने घडलेले गुणा कागलकरचे शरीर नाच्याच्या हालचाली आत्मसात करते, तो भाग अतुल कुलकर्णी यांनी विलक्षण निष्ठेने साकारला आहे. एकेक स्नायू मोडून नव्याने बांधावा तसा तो देह बदलतो, आणि नाच्याची चाल शिकावी लागते, ती जन्मजात व्यंग नव्हे, हे प्रेक्षकाला प्रथमच दिसते. इतके श्रेय निःसंकोच द्यायला हवे. तरीही चित्रपटाने आपला बचाव सोपा करून घेतला आहे. गुणाला राजाची भूमिका हवी असते. नाच्या व्हायला कोणी तयार नाही म्हणून तो होतो. पिळदार दंड, बायको, मुलगा अशी पुरुषत्वाची सारी प्रमाणपत्रे आधी सादर केली जातात, आणि त्यानंतरच सहानुभूती मागितली जाते. नाच्या होणे हा त्याग ठरतो, अत्याचारापर्यंत जाणारी विटंबना ठरते. अशी प्रमाणपत्रे नसलेला, पिळदार नसलेला, केवळ आवड म्हणून चाळ बांधणारा एखादा पोरगा या कथेत आला असता, तर त्याच्या बाजूने उभे राहण्याचे धैर्य तिला झाले असते काय? गुणाचे दुःख ‘मी तसा नाही’ या वाक्याभोवती फिरत राहते. ‘तसा’ असण्यात वावगे काय, हा प्रश्न चित्रपट विचारीत नाही.

हे हसू मराठीपुरते नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये ‘गुड मॉर्निंग अमेरिका’ या दूरचित्रवाणी कार्यक्रमात इंग्लंडच्या सहा वर्षांच्या राजपुत्र जॉर्जच्या शालेय वेळापत्रकात बॅले असल्याचे सांगताना निवेदिका लारा स्पेन्सर हसल्या. काही दिवसांतच न्यूयॉर्कच्या टाइम्स स्क्वेअरमध्ये सुमारे ३०० नर्तकांनी उघड्यावर बॅलेचा वर्ग भरविला आणि निवेदिकेने जाहीर माफी मागितली. बॅलेच्या पाठीशी विद्यालये आहेत, नामांकित नर्तक आहेत. म्हणून उत्तर तत्काळ उमटले. ओडिशात मुलीच्या वेषात नाचणाऱ्या गोटिपुआ मुलांच्या परंपरेत घडलेले केलुचरण महापात्र (१९२६–२००४) ओडिसीचे गुरू म्हणून देशभर वंदिले गेले. नाच्याची विद्या शिकविणारी तशी गुरुपरंपरा शास्त्र म्हणून मराठीत कधी मान्य झाली नाही. ‘नटरंग’च्या अखेरीस वृद्ध गुणाला जीवनगौरवाचे व्यासपीठ लाभते. तो प्रसंग पडद्यावर आला तेव्हा गणपत पाटील यांना जाऊन दोन वर्षेही झाली नव्हती.