सोयाबीन आणि स्तनाचा कर्करोग : एका युक्तिवादाची तपासणी

‘जपानी बायका सोयाबीन खातात, त्यांना स्तनाचा कर्करोग कमी होतो, म्हणून सोयाबीन खा.’ आंबिवलीच्या वाण्याकडे सोयावडी घेतानाही ऐकू येणारा हा युक्तिवाद वर्गात तपासायला फार चांगला आहे. बार्शीची ग्रामीण कर्करोग नोंदणी १९८७ साली सुरू झाली. तिथेही या रोगाचे प्रमाण मुंबईपेक्षा बरेच कमी आढळले. पण तिथल्या जुन्या ताटात सोयाबीन नव्हतेच, भाकरी आणि डाळ होती! मग श्रेय ज्वारीला द्यायचे? लवकर झालेली बाळंतपणे, अंगावर पाजणे यांचाही रोगाशी संबंध असतो. तो या युक्तिवादात कुठेच नाही.

उलटी भीतीही तपासावी. सोयाबीनमधल्या जेनिस्टीनची रचना इस्ट्रोजेनशी मिळतीजुळती, म्हणून रुग्णांनी ते टाळावे असे सांगितले जाई. शांघायमधील ५,०४२ रुग्णांच्या पाहणीत (२००९) मात्र सोयाबीन अधिक खाणाऱ्यांत रोग उलटण्याचे प्रमाण कमीच दिसले. अर्थात हीही पाहणीच, प्रयोग नव्हे. आणि ती जेवणातल्या सोयाबीनची, अर्काच्या गोळ्यांची नव्हे.

सोयातेलावर भिस्त ठेवणाऱ्यांनी तर एवढेच पाहावे : शुद्ध केलेल्या तेलात हे द्रव्य जवळजवळ उरतच नाही. ते राहते पेंडीत, आणि पेंड बहुतेक जाते कोंबड्यांना.