मैलापाण्यातून हायड्रोजन: ऊर्जा कोणाची?

‘मैलापाण्यापासून हायड्रोजन’ हा मथळा आम्हाला अपुरा वाटतो, कारण त्यात दोन वेगळ्या प्रक्रियांची गल्लत होते. जपानमधील फुकुओका शहरात २०१५ साली सुरू झालेल्या प्रकल्पात मैल्याच्या गाळातून निघणाऱ्या मिथेनपासून हायड्रोजन बनवला गेला. तेथे ऊर्जा खरोखरच मैल्यातील होती.

विद्युत अपघटनात मात्र सगळी ऊर्जा विजेची असते. १ किलो हायड्रोजनसाठी ९ किलो पाण्याचे विघटन होते, तेही आधी अतिशुद्ध केलेल्या. वीज सुमारे ५० युनिट लागते. तो हायड्रोजन जाळल्यावर जास्तीत जास्त ३९ युनिट इतकी उष्णता परत मिळते. ही वीज कोळशाची असेल, तर अशा हायड्रोजनला ‘हरित’ म्हणता येणार नाही.

मग त्यासाठी मैलाशुद्धीकरण केंद्रच का निवडावे? ९ किलो पाण्यातून हायड्रोजनबरोबर ८ किलो ऑक्सिजनही निघतो. घाण खाणाऱ्या जीवाणूंना हवा पुरवण्यात केंद्राची बरीचशी वीज खर्च होते. तेथे हा ऑक्सिजन उपयोगी पडतो. योजनेचा खरा फायदा हा आहे, पण मथळ्यात त्याला जागा नाही.

शिक्षकांनी पाण्याच्या विघटनाचे समीकरण फळ्यावर लिहून विद्यार्थ्यांना एवढेच विचारावे: यात ऊर्जा आली कोठून?