गुणाकार : वारंवार बेरीज की पट? एक चिकित्सा

प्राथमिक वर्गात गुणाकाराची ओळख ‘तीच संख्या पुन:पुन्हा मिळवणे’ अशी करून दिली जाते. पूर्ण संख्यांपुरती ही व्याख्या निर्दोष आहे. परंतु पुढे अपूर्णांक आले की ती अपुरी पडते. एखादी संख्या तीन वेळा मिळवता येते. पाऊण वेळा कशी मिळवणार?

एफ्राइम फिशबाइन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८५ साली या अडचणीचे मूळ दाखविले. वारंवार बेरजेची प्रतिमा मनात रुजली की ‘गुणाकाराने संख्या वाढते’ हा समज पक्का होतो, आणि गुणक एकाहून लहान असेल तेव्हा विद्यार्थी योग्य क्रियाच निवडू शकत नाही. २००८ साली गणितज्ञ कीथ डेव्हलिन यांनी तर गुणाकार म्हणजे वारंवार बेरीज असे मुलांना सांगूच नये, अशी भूमिका घेतली. अमेरिकेच्या २०१० च्या सामायिक मानकांत ‘गुणाकार म्हणजे आकार लहान-मोठा करणे’ हा विचार पाचव्या इयत्तेत स्वतंत्रपणे मांडला आहे.

डेव्हलिन यांचा आक्षेप तर्कदृष्ट्या योग्य असला तरी अध्यापनाच्या दृष्टीने टोकाचा वाटतो. सात वर्षांच्या मुलाला वस्तूंचे समान गट मोजूनच गुणाकार कळतो. शिवाय ‘पट’ हाही गुणाकाराचा संपूर्ण अर्थ नव्हे. लांबी गुणिले रुंदी केल्यावर मिळणारे क्षेत्रफळ लांबीची केवळ पट नसते, तिथे एककच बदलते. दोष पहिल्या पायरीत नाही, तिथेच थांबण्यात आहे.

हैदराबादच्या बेगम बाजारासारख्या घाऊक पेठेत सुकामेवा व मसाल्याचे व्यवहार पाहिले तर पुढची पायरी समोरच दिसते. समजा, बदामाचा भाव किलोला ८०० रुपये आहे. पाव किलोचे २००, पाऊण किलोचे ६००, सव्वा किलोचे १०००, दीड किलोचे १२००. भाव तोच, गुणक एकाहून लहान तर रक्कम घटते, एक असल्यास तेवढीच राहते, एकाहून मोठा तर वाढते. पेठेत वावरणारा मुलगा हा हिशेब तोंडी करतो. मात्र तोच प्रश्न वहीत ‘८०० × ३/४’ असा आला की तो अडखळतो. त्याला गणित येत नाही असे नाही. वर्गातील व्याख्येने त्याचे ज्ञान बाहेर ठेवले आहे.

भाषेकडेही दुर्लक्ष झाले आहे. मराठीत दुप्पट, तिप्पट. उर्दूत दोगुना, तिगुना, दोचंद. पाढ्यातील ‘बे दुणे चार’ मधील ‘दुणे’ म्हणजेही दुप्पटच. उर्दू गणितातील ‘जर्ब’ या शब्दाचा मूळ अर्थ आघात. त्यात बेरजेची छटा नाही. जुन्या मराठी शाळेत पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दीडकी आणि अडीचकी मुखोद्गत असत. १९५७ साली दशमान नाणी व नंतर मेट्रिक वजने आल्यावर त्या मागे पडल्या. त्यांचे पाठांतर यांत्रिक होते ही टीका रास्त आहे. पण पाठांतरासोबत पाव, पाऊण, सव्वा हे गुणक आहेत ही जाणीवही गेली, हे नुकसान मोठे आहे.

तात्पर्य, समान गटांपासून आरंभ करून रबराची पट्टी ताणणे, नकाशाचे प्रमाण आणि बाजारभाव यांच्या आधारे ‘पट’ शिकवावी. उत्तर काढण्यापूर्वी ‘ते वाढेल की घटेल?’ हा प्रश्न विचारावा. शिक्षक घडविणाऱ्या महाविद्यालयांनी ही सवय आधी आपल्या विद्यार्थ्यांना लावणे अगत्याचे आहे. प्रमाण, टक्केवारी व व्याज या पुढील सर्व घटकांचा पाया हाच आहे.