सोनेरी गुंड्या, हरवलेली नावे

अमेरिकन यादवी युद्धातील (१८६१-६५) सैनिकांची लोखंडी पत्र्यावरील छायाचित्रे जसेच्या तसे सत्य सांगत नाहीत. त्यांतील प्रतिमा आरशातल्याप्रमाणे उलटी असते; कमरपट्ट्यावरील अक्षरे विपरीत दिसतात, उजव्या हातातील शस्त्र डाव्या हाती जाते. कित्येकांचे गाल गुलाबी, गुंड्या सोनेरी रंगविलेल्या. तथापि या सजावटीस खोटेपणा म्हणणे अरसिकपणाचे होईल. घरच्यांनी जपावे म्हणून काढविलेल्या या चित्रात युद्ध नव्हे, निरोप आहे. वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमधील लिल्जेनक्विस्ट संग्रहात अनेक चेहरे आज निनावी आहेत. गुंडीवरचे सोने टिकले, नाव गेले! म्हणूनच असे चित्र वर्गात दाखविताना ‘हा कोण?’ याआधी ‘हे कोणासाठी?’ असे विचारावे, असे आम्हांस वाटते.